चव जिभेला कळते की नाकाला? गूळ, घनसाळ आणि चटणीच्या मदतीने समजून घेऊ

निपाणीहून राधानगरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वेदगंगेच्या काठी, कागल तालुक्यात मुरगूड आहे. चहूबाजूंनी ऊस. हंगामात या भागातून जाताना गुऱ्हाळ दिसण्याआधी त्याचा वास येतो. काहिलीत रस उकळत असतो. चुना आणि रानभेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढून टाकलेली असते. फेस बदलतो, रंग बदलतो आणि त्याबरोबर वासही बदलत जातो. काहील नेमकी कधी उतरवायची, हे गुळव्या ठरवतो. पाकाचा थेंब पाण्यात टाकून तो गोळी बघतो, पण त्याचे डोळे आणि नाकही सतत कामात असते. दोन-चार मिनिटे उशीर झाला तर गूळ करपट होतो.

या गुळावर घरच्या घरी एक छोटा प्रयोग करता येतो. एका वाटीत पिठीसाखर आणि दुसऱ्या वाटीत बारीक किसलेला गूळ घ्यावा. डोळे मिटून नाक चिमटीत घट्ट धरावे आणि दुसऱ्या कोणाला तरी दोन्हींतला एकेक पदार्थ जिभेवर ठेवायला सांगावे. दोन्ही गोड लागतील. गूळ किंचित खारट वाटेल, कदाचित स्पर्शावरून थोडा वेगळाही जाणवेल. पण ज्याला आपण गुळाची चव म्हणतो, ती तिथे नसेल. मग तोंड मिटून नाक सोडावे आणि श्वास बाहेर टाकावा. त्या क्षणी गूळ हा गूळ होतो.

म्हणजे जिभेला कळला तो गोडवा आणि गूळ कळला तो नाकाला. रोजच्या बोलण्यात आपण या दोन्हींना मिळून ‘चव’ म्हणतो. या लेखात जिभेला एकटीला जे कळते त्याला ‘चव’ आणि जीभ, नाक व तोंडातल्या इतर संवेदना मिळून जे कळते त्याला ‘स्वाद’ म्हटले आहे. हा फरक फक्त शब्दांचा नाही. नाक काम करेनासे झाले की माणूस ‘तोंडाला चव नाही’ अशी तक्रार करतो, जिभेवर उपाय शोधत बसतो आणि खरा बिघाड बाजूलाच राहतो.

जिभेचे काम : पाच चवी

आरशात जीभ पाहिली तर तिच्यावर बारीक उंचवटे दिसतात. अनेकांना याच रुचिकलिका वाटतात, पण तसे नाही. रुचिकलिका डोळ्यांना दिसत नाहीत. त्या काही प्रकारच्या उंचवट्यांच्या आत किंवा कडेला असतात. जिभेच्या बऱ्याच भागावर पसरलेल्या खरखरीत, टोकदार उंचवट्यांत तर रुचिकलिका नसतातच. त्यांचे काम घास घोळवण्याचे. माणसाच्या जिभेवर साधारण दोन ते चार हजार रुचिकलिका असतात. थोड्या टाळूच्या मागच्या मऊ भागात आणि घशातही असतात. एकेका कलिकेत ५० ते १०० पेशी असतात. या पेशींचे आयुष्य सरासरी दहा दिवसांच्या आसपास असते. म्हणून गरम चहाने पोळलेली जीभ आठवड्या-दीड आठवड्यात पूर्ववत होते.

पदार्थ लाळेत विरघळला तरच त्याची चव कळते. विरघळलेले कण रुचिकलिकेच्या तोंडाशी असलेल्या छिद्रातून आत जातात आणि पेशींवरच्या विशिष्ट प्रथिनांना चिकटतात. या प्रथिनांना ‘ग्राही’ म्हणतात. जिभेला ओळखता येणाऱ्या मूलभूत चवी पाच मानल्या जातात.

गोड : दोन प्रथिनांच्या जोडीने बनलेला एक ग्राही साखर ओळखतो. गोड म्हणजे ऊर्जा देणारे अन्न, हा निसर्गाचा संकेत आहे.

खारट : मिठातला सोडियम पेशीत शिरतो आणि संदेश निघतो.

आंबट : चिंच, आमसूल, ताक यांतल्या आम्लाचे हायड्रोजन आयन पेशीत शिरतात. हे काम करणाऱ्या प्रथिनाचा पत्ता २०१८ साली, म्हणजे अगदी अलीकडे लागला.

कडू : यासाठी मात्र एक-दोन नव्हे, तर सुमारे २५ प्रकारचे ग्राही आहेत.

उमामी : १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या कढणातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि या चवीला हे नाव दिले. मराठीत तिला स्वतंत्र शब्द नाही, पण ही चव कोल्हापूरकरांना परकी नाही. मटण शिजवून काढलेले अळणी पाणी पिताना तोंडभर पसरणारा जो भरीवपणा जाणवतो, त्यात उमामीचा मोठा वाटा असतो. टोमॅटो आणि अळंबीतही ती असते.

कडू चवीसाठी एवढे ग्राही का, याचे उत्तर जगण्याशी जोडलेले आहे. अनेक वनस्पतींची विषे कडू असतात. साखर ओळखण्यासाठी ती पाण्यात पाव-अर्धा टक्का तरी असावी लागते, तर क्विनीनसारखा कडू पदार्थ त्याच्या शेकडो पट कमी प्रमाणातही कळतो. दुधी भोपळा हे याचे घरगुती उदाहरण. काही दुधी भोपळ्यांत कुकुरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये वाढलेली असतात. असा रस प्यायल्याने रक्ताच्या उलट्या झाल्याच्या आणि मृत्यू ओढवल्याच्या घटना भारतात नोंदल्या गेल्या आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या प्रकरणांचा अभ्यास करून कडू लागणारा दुधीचा रस पिऊ नये असे बजावले आहे. ‘कडू म्हणजे औषधी’ असे समजून तो संपवू नये. चाखून कडू लागला तर दुधी टाकून द्यावा.

जिभेचा नकाशा : एक जुना गैरसमज

जिभेच्या टोकाला गोड, कडेला खारट आणि आंबट, मागे कडू, असा नकाशा अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत छापला गेला. तो चुकीचा आहे. १९०१ मध्ये डेव्हिड हॅनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या वेगवेगळ्या भागांची संवेदनशीलता मोजली होती. त्याला आढळलेले फरक अगदी थोडे होते. पुढे एडविन बोरिंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४२ च्या पुस्तकात ही माहिती अशा तऱ्हेने मांडली की ते थोडे फरक फार मोठे दिसू लागले. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजमाप केले, तेव्हा रुचिकलिका असलेल्या सगळ्या भागांना सगळ्या चवी कळतात हे स्पष्ट झाले. खात्री करायची तर जिभेच्या टोकावर मिठाचा कण ठेवून पाहावा. तो तिथेच खारट लागतो.

नाकाचे काम : चारशे पट्ट्यांची पेटी

साखरेला वास नसतो, कारण तिचे रेणू हवेत उडत नाहीत. ज्या पदार्थाचे रेणू हलके असतात आणि हवेत मिसळतात, त्यालाच वास येतो. गुळात साखर असतेच. पण रस उकळताना त्यातली साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात उष्णतेने रासायनिक क्रिया होते. लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती मायार अभिक्रिया म्हणून ओळखली जाते. तिच्यातून अनेक उडणारी सुगंधी द्रव्ये तयार होतात. भाजलेले शेंगदाणे, तव्यावरची भाकरी, परतलेला कांदा या सगळ्यांच्या खमंगपणामागे हीच क्रिया आहे. साखर कारखान्यात रस शुद्ध करून स्फटिक वेगळे काढले जातात, तेव्हा ही द्रव्ये मागे राहतात. गुळात ती टिकतात. ‘कोल्हापुरी गूळ’ या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गुळाची ओळख ठरवण्यात त्याच्या वासाचाही मोठा वाटा आहे.

हे उडणारे रेणू श्वासाबरोबर नाकात वर, दोन्ही डोळ्यांच्या मधल्या पातळीपर्यंत जातात. तिथे नाकाच्या छताला काही चौरस सेंटिमीटरचा एक ओलसर पडदा असतो. त्यात लाखो घ्राणपेशी असतात. प्रत्येक पेशीला केसांसारखे तंतू असतात आणि त्यांवर वास ओळखणारे ग्राही असतात. घ्राणपेशी या खऱ्या चेतापेशी आहेत. मेंदूशी थेट जोडलेल्या आणि तरीही बाहेरच्या हवेच्या संपर्कात असलेल्या अशा चेतापेशी शरीरात दुसरीकडे क्वचितच आढळतात. उघड्यावर असल्याने त्या झिजतात, पण त्यांच्या जागी नव्या तयारही होत राहतात. हाच गुण पुढे उपचाराच्या वेळी उपयोगी पडतो.

१९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी या ग्राहींची जनुके शोधून काढली. त्यासाठी दोघांना २००४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उंदरांमध्ये या ग्राहींचे हजाराहून अधिक प्रकार असतात. माणसात कार्यरत असलेले सुमारे ४०० आहेत. एका घ्राणपेशीवर यांपैकी साधारणपणे एकाच प्रकारचा ग्राही असतो.

प्रश्न असा की ४०० प्रकारच्या ग्राहींनी हजारो वास कसे ओळखता येतात? इथे पेटीचे उदाहरण उपयोगी आहे. पेटीला पट्ट्या मोजक्या असतात, पण कोणत्या पट्ट्या एकत्र दाबल्या यावर निघणारा आवाज ठरतो. तसेच एक रेणू अनेक ग्राहींना कमी-जास्त प्रमाणात चेतवतो आणि एक ग्राही अनेक रेणूंना प्रतिसाद देतो. लवंगेला एक जुळणी, लिंबाला दुसरी. बक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ही पद्धत दाखवून दिली.

घ्राणपेशींचे तंतू कपाळाच्या तळाशी असलेल्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि मेंदूच्या खालच्या बाजूला असलेल्या ‘घ्राणकंदा’त पोहोचतात. एकाच प्रकारचा ग्राही असलेल्या सगळ्या पेशींचे तंतू तिथे ठरावीक बिंदूंवर एकत्र येतात. कोणते बिंदू उजळले, यावरून मेंदू वास ओळखतो.

कधी कधी एकच द्रव्य एखाद्या पदार्थाची ओळख बनते. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच आजरा भागातला घनसाळ तांदूळ शिजत असताना शेजारच्या घरात कळतो. आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सुवासिक तांदळांच्या वासामागचे मुख्य द्रव्य म्हणजे टू-ॲसिटाइल-वन-पायरोलीन. आंबेमोहोर आणि बासमतीतही तेच असते. पाण्याच्या एक हजार कोटी भागांत या द्रव्याचा एक भाग असला तरी माणसाच्या नाकाला तो जाणवू शकतो.

नाकाला मागचे दार असते

नाकात वास दोन वाटांनी जातो. पहिली वाट समोरची : फूल हुंगले, गुऱ्हाळाजवळून गेलो. दुसरी वाट तोंडातून, घशाच्या मागून वर नाकात जाणारी. घास चावताना सुटलेले रेणू गिळताना आणि श्वास सोडताना या मागच्या दाराने घ्राणपेशींपर्यंत पोहोचतात. मेंदू हा वास तोंडातल्या चवीशी आणि स्पर्शाशी इतका बेमालूम जोडतो की तो जिभेवरूनच येतोय असे वाटते. नाक चिमटीत धरले की हवेची ये-जा थांबते आणि मागचे दारही बंद होते. सुरुवातीच्या प्रयोगात हेच घडले.

एकच पदार्थ दोन्ही वाटांनी वेगळा भासू शकतो. सुकट किंवा सुके बोंबील भाजताना अनेकांना वास नकोसा होतो, पण तेच ताटात आवडीने खाल्ले जातात.

‘स्वादाचा ८० टक्के भाग नाकातून येतो’ असे वाक्य सर्रास ऐकायला मिळते. पदार्थागणिक हा वाटा बदलतो आणि तो टक्क्यांत मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही, त्यामुळे या आकड्यावर विसंबू नये. वेलदोड्यात जवळपास सगळे काम नाकाचे असते, तर मिठात नाकाचे काहीच काम नसते.

तिखट ही चव का नाही?

कोल्हापूरच्या घरात ‘चटणी’ म्हणजे वर्षभराचा लाल मसाला. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, मसाले भाजून डंकावर चटणी कुटून आणली जाते. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला जवारी किंवा लवंगी, असे मिश्रण घराघरांत ठरलेले असते. डंकाजवळ उभे राहिले की ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येते. मिरच्या हाताळणाऱ्या बोटांची आग होते.

यातच उत्तर आहे. बोटांना गोड कळत नाही, डोळ्यांना खारट कळत नाही. पण मिरचीचा दाह दोघांनाही कळतो, कारण ही चव नसून वेदना आणि उष्णतेची संवेदना आहे. मिरचीतले कॅप्सेसिन चेतातंतूंवरच्या ‘टीआरपीव्ही-१’ या ग्राहीला चिकटते. हा ग्राही मुळात सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची धोकादायक उष्णता ओळखण्यासाठी आहे. कॅप्सेसिन त्याला फसवते आणि मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. घाम आणि नाकाला लागलेली धार, हे सगळे त्यातूनच. डेव्हिड जुलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हा ग्राही शोधला. २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पुदिन्यातले मेंथॉल अशाच दुसऱ्या ग्राहीला फसवते, म्हणून ते थंड लागते. या संवेदना जीभ आणि नाकाच्या मुख्य चेतांमधून नव्हे, तर चेहऱ्याचा स्पर्श व वेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल चेतेतून जातात.

पोपट मिरची आवडीने खातो, याचेही उत्तर इथे मिळते. पक्ष्यांमधल्या या ग्राहीवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. पक्षी बिया न चावता दूरवर टाकतात, त्यामुळे मिरचीच्या झाडाचाही फायदा होतो.

तोंड भाजले की पाणी पिऊन फारसा उपयोग होत नाही. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते स्निग्ध पदार्थात विरघळते. दुधातले केसीन हे प्रथिनही ते ओढून नेते. दही, दूध, नारळाचे दूध कामाला येते. तांबड्या रश्श्याशेजारी नारळाच्या दुधातला पांढरा रस्सा ठेवण्याची पद्धत या दृष्टीने सोयीची आहे.

आयुर्वेदात षड्‌रस सांगितले आहेत : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. त्यांतले मधुर, अम्ल, लवण आणि तिक्त हे आजच्या गोड, आंबट, खारट आणि कडू यांच्याशी जुळतात. कटु म्हणजे तिखट आणि कषाय म्हणजे तुरट. तिखटाचे आत्ताच पाहिले. जांभूळ किंवा सुपारीतला तुरटपणा हा मुख्यतः स्पर्श मानला जातो : टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते आणि तोंड कोरडे, आखडल्यासारखे होते. इथे मराठी वाचकाचा एक गोंधळ होऊ शकतो. मराठी ‘कडू’ हा शब्द ‘कटु’वरून आला असला, तरी आयुर्वेदातला कटु रस म्हणजे मिरी-सुंठीचा तिखटपणा. आणि कडुनिंबाचा कडूपणा तिथे ‘तिक्त’ म्हणून येतो.

वास, आठवण आणि सवय

डोळे, कान, त्वचा यांचे संदेश थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या ठाण्यातून पुढे जातात. वासाचा संदेश मात्र घ्राणकंदातून थेट घ्राणकेंद्रात आणि भावना व स्मरण यांच्याशी संबंधित भागांच्या अगदी जवळ पोहोचतो. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्या माणसाला अचानक उकळत्या रसासारखा वास आला, तर आजोळचे गुऱ्हाळ डोळ्यांपुढे उभे राहते, त्यामागे ही जवळीक असावी असे मानले जाते.

वासासाठी भाषेत शब्द नसतात, असे पाश्चात्त्य अभ्यासक पूर्वी म्हणत. मलय द्वीपकल्पातल्या जहाई लोकांच्या भाषेत वासाचे नेमके शब्द आहेत आणि ते लोक वासाचे वर्णन रंगाइतक्याच सहज करतात, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मराठीही याबाबत गरीब नाही. खमंग, खरपूस, करपट, खवट, कुबट, आंबूस, उग्र, घमघमाट हे शब्द पाहावेत. खवट म्हटले की जुने तेल किंवा खोबरे आठवते, कुबट म्हटले की बंद खोलीतला दमटपणा. यांतले कितीतरी शब्द इशारे आहेत : हे खाऊ नका, इथे बघा.

पण नाकाला सवयही लवकर होते. गुऱ्हाळावर पाहुणा आला की त्याला वास भरून येतो. दिवसभर काहिलीशेजारी राबणाऱ्याला तो थोड्या वेळाने जाणवेनासा होतो. एकच वास सतत येत राहिला की ग्राही आणि मेंदू दोघेही त्याला दिलेला प्रतिसाद कमी करतात, म्हणजे नवा वास चटकन कळतो. हा गुण उपयोगी असला तरी धोक्याचाही आहे. स्वयंपाकघरात गॅसची हळूहळू गळती होत असेल, तर आत बसलेल्या माणसाला ती कळणार नाही. बाहेरून आलेल्याला मात्र दारातच कळेल. म्हणून ‘मला तर वास येत नाही’ असे म्हणून दुसऱ्याचे म्हणणे उडवून लावू नये.

घरगुती गॅसला स्वतःचा असा वास जवळपास नसतो. त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. हवेतला गॅस पेट घेण्याच्या पातळीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत पोहोचण्याआधीच वास यावा, असा त्यामागचा हिशेब असतो. ही सगळी सुरक्षा चांगल्या नाकावर अवलंबून आहे.

वास जातो तेव्हा

कोविडच्या साथीत हा विषय घराघरांत पोहोचला. जून २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास किंवा चव जाणे हे कोविडचे लक्षण म्हणून यादीत घेतले. हा विषाणू घ्राणपेशींवर थेट हल्ला करण्यापेक्षा त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना ग्रासतो, असे संशोधनात दिसले. त्यामुळे बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला. काहींना मात्र महिने लागले आणि काहींचा पूर्ववत झालाच नाही.

काहींच्या बाबतीत वास परत येतो, पण बिघडून. कांदा, लसूण, कॉफी, तळलेले पदार्थ सडल्यासारखे किंवा जळल्यासारखे लागतात. याला वैद्यकात पॅरॉस्मिया म्हणतात. जिथे कांदा-लसणाशिवाय आमटी होत नाही, तिथे अशा माणसाला जेवणे कठीण जाते. घरच्यांना तो नखरे वाटतो, पण तो खरा त्रास असतो. पॅरॉस्मिया बहुधा घ्राणपेशी पुन्हा जोडल्या जात असल्याचेही लक्षण असते आणि अनेकांमध्ये हळूहळू कमी होतो.

वास कमी होण्याची इतर कारणेही बरीच आहेत. साधी सर्दी, जुनाट सायनस, नाकातले मांसल कोंब (पॉलिप), तंबाखूचे व्यसन. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला तर मेंदू हलतो आणि चाळणीसारख्या हाडातून जाणारे नाजूक तंतू तुटू शकतात, म्हणजे हेल्मेट नाकाचेही रक्षण करते. पार्किन्सनसारख्या आजारात हालचालींचा त्रास सुरू होण्याच्या काही वर्षे आधी वास कमी झालेला असू शकतो. अर्थात वास कमी झालेल्या बहुतेकांना तो आजार नसतो.

सगळ्यांत सामान्य कारण म्हणजे वय. अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ६५ ते ८० वयोगटातल्या निम्म्याहून अधिक आणि ऐंशीच्या पुढच्या तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांची वासाची क्षमता लक्षणीय घटलेली आढळली. हे इतके हळूहळू होते की माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. ‘जेवणाला पूर्वीसारखी चव राहिली नाही’ ही म्हाताऱ्या माणसांची तक्रार घरात सुनेच्या हाताला किंवा नव्या बियाण्याला लावली जाते. बियाणे बदलते हे खरे आहे, पण अनेकदा बदललेले असते ते नाक. मग चव यावी म्हणून मीठ, तिखट आणि साखर वाढत जाते. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांना हे महागात पडते. काहींची भूक मरते, वजन उतरते. त्यातच असे माणूस घरी एकटे असेल, तर करपलेले दूध, खराब झालेली आमटी आणि सुटलेला गॅस त्याला कळत नाही.

घरी काय करता येईल?

पहिली पायरी म्हणजे बिघाड जिभेचा की नाकाचा, हे पाहणे. जिभेवर साखर, मीठ आणि लिंबाचा थेंब ठेवावा. तिन्ही नीट कळत असतील, पण डोळे मिटून लवंग, हिंग किंवा कॉफी वासावरून ओळखता येत नसेल, तर प्रश्न नाकाचा आहे. ही वैद्यकीय तपासणी नव्हे, पण डॉक्टरांना काय सांगायचे ते यातून कळते.

सर्दी ओसरल्यावरही दोन-तीन आठवड्यांत वास परत आला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. पॉलिप, सायनस यांवर उपचार आहेत. डोक्याला मार लागल्यावर वास गेला असेल, नाकातून स्वच्छ पाण्यासारखा द्राव येत असेल, एकाच बाजूचा वास गेला असेल किंवा सोबत दृष्टी, बोलणे, तोल यांत फरक पडला असेल तर थांबू नये. कडक वाफारा वारंवार घेतल्याने किंवा नाकात तिखट, झोंबणारे थेंब घातल्याने घ्राणपेशी परत येत नाहीत, उलट भाजण्याचा धोका असतो.

विषाणूसंसर्गानंतर गेलेल्या वासासाठी ‘गंध-सराव’ हा साधा उपाय जगभर वापरला जातो. जर्मनीतले थॉमस हमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तो मांडला. त्यात चार वास होते : गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. चारही गोष्टी आपल्याकडे सहज मिळतात. चार छोट्या बाटल्यांत ही तेले किंवा सत्त्वे घ्यावीत. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली सुमारे दहा सेकंद हलकेच हुंगावी आणि त्या वेळी तो वास आठवण्याचा प्रयत्न करावा. हे किमान १२ आठवडे करावे लागते. सगळ्यांना गुण येतोच असे नाही. पण घ्राणपेशी नव्याने तयार होत असल्याने आणि मेंदू पुन्हा शिकू शकत असल्याने अनेकांना फायदा होतो. धोका जवळपास नाही आणि खर्चही थोडाच.

वास येत नसलेले माणूस घरात असेल तर काही सवयी लावाव्यात. रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. शक्य असल्यास गॅसगळती ओळखणारे यंत्र बसवावे. शिल्लक अन्नावर दिवस लिहून ठेवावा. दूध आणि आमटी दुसऱ्याकडून हुंगून घ्यावी. गळतीची शंका आली तर दिव्याचे बटण चालू-बंद न करता दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि बाहेरूनच १९०६ या मदत क्रमांकावर कळवावे. जेवणात मिठाऐवजी आंबटपणा, कुरकुरीतपणा, थोडे तिखट, रंग यांचा आधार घ्यावा, कारण या संवेदना नाकावर अवलंबून नसतात.

थोडक्यात

जिभेला पाच चवी कळतात आणि त्या मुख्यतः पोषक काय, विषारी काय एवढे सांगतात. मिरचीचा दाह आणि पुदिन्याचा गारवा ही वेदना व तापमानाची भाषा आहे. उरलेले सगळे, म्हणजे गूळ आणि साखर यांतला, घनसाळ आणि साध्या तांदळातला, खमंग आणि करपट यांतला फरक नाक सांगते, आणि तेही बहुतेक वेळा मागच्या दाराने. डोळ्यांना चष्मा लागला की आपण डॉक्टरकडे जातो, कानांना कमी ऐकू आले की घरचे लक्षात आणून देतात. नाकाचे कोणी विचारत नाही. घरात कोणी ‘हल्ली कशालाच चव नाही’ असे म्हणाले, तर मिठाची वाटी पुढे करण्याआधी त्यांच्या नाकाजवळ एक लवंग धरून पाहावी.